जागा रिकामी आहे, हे आधी कळू द्या

२०१९ च्या फेब्रुवारीत एका रात्री साडेनऊच्या सुमारास मला एका जुन्या सहकारी बाईंचा फोन आला. "परवाचा पेपर बघितलास का? आतलं पान, अगदी खाली. भूगोलाच्या प्राध्यापकाची एक जागा आहे, खुल्या प्रवर्गातली." मी तेव्हा लातूरला राहत होते आणि जाहिरात छापून आली होती तीन जिल्हे पलीकडच्या आवृत्तीत. आमच्याकडे येणाऱ्या त्याच वर्तमानपत्रात ती नव्हतीच. बाईंनी फोटो काढून पाठवला. चार बोटं रुंदीची चौकट, बारीक टाइप, आठ विषयांच्या आठ जागा, अर्ज पोहोचवायला पंधरा दिवसांची मुदत. त्यातले दोन दिवस संपले होते.

नऊ वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन घेऊन, शिकवल्यानंतर मी त्या जागेवर कायम झाले. मुलाखत नीट झाली, कोणी पैसे मागितले नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या क्षेत्रात नोकरी लागली म्हटलं की पुढचा प्रश्न "किती दिले?" हाच असतो.

पण या गोष्टीचा एक भाग मी बरीच वर्षं कुणाला सांगितला नाही. त्या कॉलेजपासून तासाभराच्या अंतरावर माझी एम.ए.ची वर्गमैत्रीण राहत होती. नेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा ती पहिल्याच प्रयत्नात पास झाली, मला तीन प्रयत्न लागले. दुष्काळी पट्ट्यातल्या भूजलावर तिची पीएच.डी. आहे. त्या कामासाठी ती स्वतः गावोगाव फिरून विहिरींची पाणीपातळी मोजत होती. त्या जागेसाठी ती माझ्यापेक्षा लायक होती. तिला जाहिरात कळली नाही, आणि मी तिला फोन केला नाही. फोन हातात घेऊन दोनदा तिचं नाव काढलं आणि ठेवून दिला. दीड वर्षानं भेटलो तेव्हा तिनं अभिनंदन केलं आणि सहज विचारलं, "कधी आली होती गं ती जाहिरात?"

त्या प्रश्नाला मी आज उत्तर द्यायला बसले आहे. प्राध्यापक भरतीविषयी आपल्याकडे चर्चा होते ती निवडीची: मुलाखतीत काय चालतं, संस्थाचालक काय करतात, गुणांना किती वजन, मुलाखतीला किती. ही चर्चा हवीच. पण त्याच्या आधीची एक पायरी आपण ओलांडून जातो. जागा आहे की नाही, कुठे आहे, कधी भरणार आहे, हे माहीत असणं. ही माहिती महाराष्ट्रात सार्वजनिक नाही. ती ओळखीतून फिरते. जिथे माहितीच ओळखीतून मिळते तिथे निवड कितीही स्वच्छ करा, अर्ज करणाऱ्यांची रांग आधीच गाळून आलेली असते.

एखादी जागा रिकामी कशी होते ते बघा. अनुदानित कॉलेजातले प्राध्यापक वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त होतात. ज्या दिवशी माणूस रुजू होतो आणि त्याची जन्मतारीख सेवापुस्तकात लिहिली जाते, त्याच दिवशी ती जागा कधी मोकळी होणार हे ठरलेलं असतं. पुढच्या पाच वर्षांत राज्यातल्या कुठल्या कॉलेजात, कुठल्या विषयाचे किती शिक्षक निवृत्त होणार, हे काढायला समिती नेमण्याची गरज नाही. पगार 'सेवार्थ' प्रणालीतून निघतो. त्यात प्रत्येकाचं नाव, पद, जन्मतारीख आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणासाठी कॉलेजं दरवर्षी शिक्षकांची माहिती भरून पाठवतात, मीही दोन वर्षं आमच्या कॉलेजची भरली आहे. म्हणजे सरकारला माहीत आहे, विद्यापीठाला माहीत आहे, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाला माहीत आहे. माहीत नाही ते फक्त जिनं त्या जागेसाठी अर्ज करायचा आहे तिला.

जागा मोकळी झाल्यावर तिचा प्रवास सुरू होतो. आधी वर्कलोड तपासला जातो, म्हणजे त्या विषयाला पूर्ण पदाइतके तास उरलेत का हे बघितलं जातं. मग बिंदुनामावली, म्हणजे कितवं पद कोणत्या प्रवर्गासाठी याचा तक्ता, मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची. मग सहसंचालकांचं ना हरकत प्रमाणपत्र. मग जाहिरातीच्या मसुद्याला विद्यापीठाची मान्यता. मग जाहिरात, छाननी, पात्र-अपात्र यादी, विषयतज्ज्ञांच्या तारखा, मुलाखत, मान्यता, आणि शेवटी पगार सुरू होण्याची वाट. यातल्या कुठल्याही टेबलावर फाइल किती दिवस थांबावी याला व्यवहारात मर्यादा नाही. सगळं जुळून येत असतानाच वरून बंदी येते. मे २०१७ मध्ये शासनानं पदभरतीवर निर्बंध घातले. नंतर ३,५८० सहायक प्राध्यापकांच्या पदांना मान्यता मिळाली, त्या भरतीत मी लागले. ती भरती पूर्ण व्हायच्या आत कोविड आला आणि ४ मे २०२० च्या वित्त विभागाच्या निर्णयानं पुन्हा सगळं थांबलं. त्या ३,५८० मधल्या उरलेल्या २,०८८ पदांना पुन्हा मान्यता मिळायला नोव्हेंबर २०२१ उजाडलं. एकदा मंजूर झालेली पदं दुसऱ्यांदा मंजूर करून घ्यावी लागली. या काळात कुठलं पद कुठल्या पायरीवर अडकलं आहे हे उमेदवाराला बघता येईल अशी एकही जागा नव्हती. आजही नाही.

मग उमेदवार काय करतो? तो तिथे जाऊन बसतो. तासिका तत्त्वावर माणसं वर्षानुवर्षं का राबतात, याचं उत्तर मानधनात सापडणार नाही. आठवड्याला नऊ तासिकांची मर्यादा आहे. तासिकेला हजार रुपये धरले तरी महिन्याला ३६,००० होतात, आणि तेही महिन्यात एकही सुट्टी आली नाही, परीक्षा लागल्या नाहीत, गॅदरिंग झालं नाही तर. वर्षाचे जेमतेम आठ-नऊ महिने. पैसे दरमहा येत नाहीत, साचून येतात. माझे एका वर्षीचे ऑक्टोबरचे पैसे पुढच्या मे महिन्यात आले होते. कायम सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच ५७,७०० रुपये आहे, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबानं त्याचा अध्यापनाचा भार आठवड्याला सोळा तास. म्हणजे नऊ-नऊ तासांची दोन माणसं मिळून एका पदाचं काम होतं, वर दोन तास जास्तच, आणि त्यांना कायम माणसाच्या एका पगाराएवढंही मिळत नाही.

हे सगळं ठाऊक असूनही मी नऊ वर्षं दर जूनमध्ये त्याच कॉलेजात त्याच नोकरीसाठी पुन्हा मुलाखत दिली. समोर बसलेले तेच, मीही तीच. नेसायची साडीही बहुतेक तीच असायची, कारण मुलाखतीची म्हणून एकच ठेवलेली होती. मी तिथे राहिले कारण आत असलं की कळतं. पाटील सर कधी निवृत्त होणार, वर्कलोडची फाइल गेली का, या वर्षी भूगोलाचा बिंदू कुठला येतो, कोणत्या कॉलेजला ना हरकत मिळाली. हे स्टाफरूममध्ये चहा पिताना कळतं. बाहेर राहिलेल्याला कळत नाही. तासिका तत्त्वावरचा शिक्षक आपल्या आयुष्याची चांगली दहा वर्षं कमी मोबदल्यात देतो, त्यातला मोठा वाटा तो या माहितीची किंमत म्हणून देतो. हे मी कुठे वाचलेलं नाही, जगलेलं आहे.

बायकांच्या बाबतीत हे अधिक कठीण होतं. लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली बाई तिथल्या स्टाफरूममध्ये नवखी असते, तिचे गाइड, तिचे वर्गमित्र, तिला फोन करणारी माणसं मागे राहिलेली असतात. माझी मैत्रीण अशीच गेली होती. बाळंतपणाच्या वर्षी तिनं तासिका सोडल्या, आणि त्याबरोबर बातम्या येणंही थांबलं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत एक कलम आहे, ते प्रत्येक उमेदवारानं वाचावं. कंत्राटी शिक्षक अगदी गरज असेल तरच नेमावेत, त्यांची संख्या एकूण पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, निवडीची पद्धत कायम शिक्षकासारखीच असावी आणि त्यांना मिळणारी रक्कम कायम सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक पगारापेक्षा कमी नसावी. इतकं स्पष्ट लिहिलं आहे. तासिका तत्त्व या कलमाच्या तडाख्यातून सुटतं, कारण कागदावर ते पदच नाही, नुसते तास आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या बाजूनं निकाल दिला. महिन्याला ३०,००० रुपयांवर काम करणाऱ्या या शिक्षकांना कायम सहायक प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीतलं किमान वेतन द्या, असं सांगितलं. समारंभांतून 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः' म्हणत राहणं पुरेसं नाही, अशा अर्थाचं न्यायालय बोललं. तो श्लोक आमच्याकडे दर ५ सप्टेंबरला म्हटला जातो. व्यासपीठावरून उतरल्यावर गुलाबाचं फूल हातात घेऊन मीही घरी गेलेली आहे.

कॉलेजांची ही गत, तर मोठ्या विद्यापीठाच्या आवारात तरी चित्र वेगळं असेल असं वाटतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं. गणेशखिंडीतलं चारशे एकरांवरचं आवार, जयकर ग्रंथालय, झाडांखाली बसून नोट्स काढणारी मुलं. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून येणाऱ्या कितीतरी मुलामुलींनी इथे पहिल्यांदा मोठं ग्रंथालय पाहिलं. या विद्यापीठाच्या विभागांतली निम्म्याहून अधिक मंजूर अध्यापकपदं अनेक वर्षं रिकामी होती. २०२३ च्या अखेरीला १११ पदांची जाहिरात निघाली, लोकांनी जाडजूड अर्ज भरले, आणि ती भरती दीर्घकाळ रखडली. राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठांच्या गटात हे विद्यापीठ २०२४ मध्ये २३ व्या स्थानावर होतं, २०२५ मध्ये ५६ व्या. क्रमवारी म्हणजे शिक्षण नव्हे, हे मला मान्य आहे. पण विद्यार्थ्यांमागे शिक्षक किती, हा त्या क्रमवारीतला एक निकष आहे, आणि तो खोटा निकष नाही. वर्गात शिक्षक नसेल तर विद्यार्थ्याला ते क्रमवारी लागण्याच्या कितीतरी आधी कळलेलं असतं.

रिकाम्या जागेची किंमत एका पगाराइतकीच असते असं समजू नका. २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक विद्यार्थी घेता येतात. एक प्राध्यापकपद रिकामं राहिलं की पीएच.डी.च्या आठ जागा बंद होतात. एखाद्या विभागात असे तिघं निवृत्त झाले आणि जागा भरल्या नाहीत, तर दोन डझन मुलांना गाइड नाही. ही मुलं नेट झालेली असतात, काहींना फेलोशिप मंजूर असते, आणि ती गाइडच्या शोधात विभागाविभागातून फिरत असतात. कोणाकडे जागा आहे, हे त्यांनाही कोणी सांगत नाही. "सरांना भेटून बघ" एवढंच ऐकायला मिळतं. नोकरीच्या बातमीचा जो प्रश्न मला पस्तिशीत भोगावा लागला, तो या मुलांना चोविसाव्या वर्षीच भेटतो. ओळख काढा, भेटा, वाट बघा. विद्यापीठ त्यांना पहिला धडा हाच देतं.

संशोधन प्रकल्पातल्या नोकऱ्या तर अजूनच झाकलेल्या. ज्युनिअर रिसर्च फेलोला जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे हे काम तासिकांपेक्षा बरंच बरं. पण जाहिरात कुठे असते? विद्यापीठाच्या संकेतस्थळावर, विभागाच्या पानावर, 'सूचना'मध्ये, 'भरती'मध्ये, कधी नुसत्या विभागाच्या फलकावर. एक पीडीएफ, त्यात दहा दिवसांनंतरची थेट मुलाखतीची तारीख. अकोल्याच्या मुलीनं हे रोज कुठे-कुठे शोधायचं? जी मुलगी त्याच विभागात एम.एस्सी. करते तिला कळतं, कारण प्रकल्प घेणारे सर तिला वर्गात सांगतात. यात सरांचा काही दोष नाही. आपल्या ओळखीच्या चांगल्या विद्यार्थ्याला सांगणं स्वाभाविक आहे. पण सार्वजनिक पैशातून निघालेल्या जागेची बातमी एका वर्गाच्या भिंतींत राहू नये, याची जबाबदारी विद्यापीठाची आहे.

शिक्षकेतर नोकऱ्यांबद्दल मला जवळून कमी माहिती आहे, पण आमच्या प्रयोगशाळेत जे बघते ते सांगते. नकाशे, टोपोशीट, थिओडोलाइट सांभाळणारे आमचे परिचर निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा निघाली नाही, एका एजन्सीमार्फत एक तरुण आला. पदवीधर, हुशार, सहा महिन्यांत सगळी उपकरणं त्याला पाठ झाली. ही नोकरी त्याला कशी कळली? त्याचा मामा त्या कंत्राटदाराकडे काम करतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यभरच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आपल्या मागण्यांसाठी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा विद्यापीठ कोणाच्या हातांवर चालतं हे सगळ्यांना दिसलं. हॉलतिकीट, गुणपत्रिका, पात्रता प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं थांबलं. या माणसांच्या जागा किती रिकाम्या आहेत, हेही एका ठिकाणी कुठे लिहिलेलं नाही.

आरक्षणाच्या बाबतीत ही अपारदर्शकता सर्वांत जास्त नुकसान करते. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानंतर संपूर्ण विद्यापीठाऐवजी एकेक विभाग हे आरक्षणाचं एकक धरायचं ठरलं आणि मार्च २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं तसा आदेश काढला. दोन-तीन पदांच्या छोट्या विभागात राखीव बिंदूपर्यंत गाडी पोहोचतच नाही, त्यामुळे राखीव जागा अक्षरशः वाफ होऊन जात होत्या. देशभर आंदोलनं झाली. शेवटी मार्च २०१९ मध्ये केंद्रानं अध्यादेश काढून आणि मग कायदा करून केंद्रीय संस्थांसाठी पूर्ण संस्था हे एकक पुन्हा मानलं. आपल्या राज्यानंही पुढे त्याच धर्तीवर कायदा केला. हा बदल का झाला? कारण कुणीतरी बसून आकडे काढले, एकक बदलल्यावर किती राखीव जागा जातात हे लोकांसमोर मांडलं. आकडे दिसले म्हणून लढता आलं. आपल्या कॉलेजांची बिंदुनामावली मात्र अजूनही फायलीत असते. कुठला बिंदू रिकामा, अनुशेष किती वर्षांचा, हे पहिल्या पिढीतल्या उमेदवाराला कळावं म्हणून माहितीचा अधिकार वापरावा लागतो. ज्या संस्थेत नोकरी मागायची तिलाच माहिती मागणारा अर्ज पाठवायचा. हे धाडस किती जण करतील? मी केलं नव्हतं.

यावर एक उपाय नेहमी सांगितला जातो: सगळी भरती लोकसेवा आयोगासारख्या एका मंडळाकडे द्या. शासकीय महाविद्यालयांतले सहायक प्राध्यापक एमपीएससीमार्फतच निवडले जातात, अनुदानित कॉलेजांनाही तेच लावा. उत्तर प्रदेशात आणि बिहारमध्ये असे आयोग आहेत, पश्चिम बंगालमध्ये कॉलेजांसाठी वेगळा आयोग कित्येक दशकं आहे. या मागणीमागची तळमळ मला कळते. मुलाखतीच्या खोलीबाहेर चाळीस जणांत बसून, आत चार मिनिटांत "बरं, कळवू" ऐकून मी कितीदा परतले आहे. एका ठिकाणी शिपाईमामांनी पाणी देताना हळूच सांगितलं होतं, "ताई, एवढ्या लांबून कशाला आलात, इथलं ठरलंय." माझा परतीचा प्रवास सात तासांचा होता.

तरीही माझा पहिला आग्रह आयोगाचा नाही. पश्चिम बंगालमध्येच शाळांच्या भरतीसाठी आयोग होता, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तिथल्या पंचवीस हजारांहून अधिक नेमणुका रद्द कराव्या लागल्या. त्यात प्रामाणिकपणे लागलेलेही होरपळले, कारण उत्तरपत्रिकांच्या नोंदी जपल्याच नव्हत्या आणि खरं-खोटं वेगळं करता येत नव्हतं. मंडळ एक असो की शंभर, नोंद लोकांना दिसत नसेल तर अन्याय फक्त पत्ता बदलतो. शिवाय विद्यापीठानं आपला शिक्षक स्वतः निवडावा, यात अर्थ आहे. भूजलाचा अभ्यास करणारा विभाग भूजलाचा माणूस शोधेल, आयोग 'भूगोल' एवढंच बघेल. माझ्या मैत्रिणीसारख्या उमेदवाराचं वेगळेपण ओळखायला तो विषय जगणारी माणसं समोर लागतात.

मात्र स्वायत्तता मागणाऱ्यांनी एक गोष्ट मान्य करायला हवी. २०१८ च्या नियमावलीनं शैक्षणिक गुण फक्त मुलाखतीला कोणाला बोलवायचं एवढ्यापुरते ठेवले आणि अंतिम निवड पूर्णपणे मुलाखतीवर सोपवली. वीस वर्षांचं काम दारापर्यंत आणतं, आतलं सगळं त्या काही मिनिटांवर. निवडीचा एवढा अधिकार हातात असेल तर त्याचा हिशेबही उघडा ठेवायला नको का? मुलाखतीत कोणाला किती गुण मिळाले, हे नावानिशी प्रसिद्ध केलं तर कोणत्या प्रामाणिक समितीचं काय बिघडणार आहे?

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि तिला नवा कायदा लागत नाही. राज्यातल्या सर्व अकृषी विद्यापीठांची आणि त्यांना संलग्न अनुदानित कॉलेजांची प्रत्येक मंजूर पदाची एक खुली नोंदवही संकेतस्थळावर ठेवा. शिक्षक, शिक्षकेतर, दोन्ही. पद कोणतं, विषय कोणता, बिंदू कोणता, आज त्यावर कोणी आहे का, असेल तर ती जागा कोणत्या महिन्यात मोकळी होणार. मोकळी झाली असेल तर फाइल कोणत्या टेबलावर, किती तारखेपासून. त्या पदाचे तास सध्या तासिका तत्त्वावर दिले असतील तर किती जणांना आणि कधीपासून. प्रकल्पातल्या जागाही त्यातच, निदान तीन आठवडे आधी. जाहिरात वर्तमानपत्रात द्यायची ती द्या, पण या नोंदवहीत चढल्याशिवाय ती वैध धरू नका.

माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानं २००५ पासूनच सार्वजनिक संस्थांवर आपली माहिती, कर्मचाऱ्यांची यादी आणि वेतनासह, न मागता स्वतःहून प्रसिद्ध करण्याचं बंधन घातलं आहे. केंद्रीय विद्यापीठांच्या भरतीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं मे २०२३ मध्ये 'सीयू-चयन' नावाचं एक सामाईक पोर्टल सुरू केलं, तिथे वेगवेगळ्या विद्यापीठांच्या जाहिराती एका ठिकाणी बघता येतात. त्यात त्रुटी असतील, पण हैदराबादच्या जागेची बातमी हिंगोलीतल्या मुलीला हैदराबादच्या मुलीइतक्याच वेळेला कळू शकते. राज्याला हे जड जाऊ नये. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा पुणे विद्यापीठ कितीतरी वर्षं एकहाती घेत आलं आहे. हजारो उमेदवारांचे अर्ज, केंद्रं, निकाल, प्रमाणपत्रं सांभाळतं. पात्र कोण आहे याची नोंद ठेवता येते, तर जागा कुठे आहे याची का नाही?

यावर मला कार्यालयांतून मिळालेलं उत्तर असं, की आकडे उघडे केले तर ओरड होईल, लोक न्यायालयात जातील, भरती अजून लांबेल. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. खटल्यांनी भरती अडते हे खरं आहे, आणि अडलेल्या वर्षांत उमेदवाराचं वय वाढतं. पण खटले बहुतेकदा होतात ते शेवटी, जाहिरातीनंतर किंवा निवडीनंतर, जेव्हा चुकीचा बिंदू किंवा डावललेली ज्येष्ठता पहिल्यांदा उजेडात येते. हीच चूक दोन वर्षं आधी सगळ्यांना दिसली असती तर एका पत्रानं दुरुस्त झाली असती. आणि ओरड होईल म्हणत असाल, तर होऊ द्या. मंजूर पदं रिकामी ठेवून शिक्षकांना तासावर राबवलं जातं, यावर ओरड झालीच पाहिजे. विद्यार्थ्यांच्या पालकांनाही कळू द्या की आपल्या मुलाच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या चार पदांवर एकच माणूस आहे. हा आकडा प्रवेशाच्या माहितीपत्रकात छापायला हवा.

दुसरं एक उत्तर मला जास्त लागतं. ते आमच्यातलेच लोक देतात: "ज्याला गरज आहे तो शोधून काढतो." मीही कधीकाळी असंच म्हणायचे, विशेषतः कायम झाल्यावरच्या पहिल्या वर्षी. आपण शोधलं म्हणून मिळालं, असं वाटणं सुखाचं असतं. पण मी काही शोधलं नव्हतं. मला फोन आला होता. फोन करणाऱ्या बाई आमच्या आधीच्या कॉलेजात होत्या, तिथे मी टिकून राहू शकले कारण घरी नवऱ्याचा पगार होता. ज्याच्या घरी दुसरा पगार नाही तो तिसऱ्या वर्षी तासिका सोडतो, कोचिंग क्लासला जातो, शेतीकडे वळतो, विमा विकतो. त्याची नेटची आणि पीएच.डी.ची प्रमाणपत्रं कपाटात राहतात. तो शोधायला कमी पडला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

परदेशात शिकायला गेलेली आमची एक विद्यार्थिनी मध्यंतरी भेटली. हवामानशास्त्रात तिचं चांगलं काम आहे, आणि तिला परत यायचं आहे, आई-वडील इथे आहेत. तिनं विचारलं, "मॅडम, महाराष्ट्रात माझ्या विषयाच्या जागा पुढच्या दोन-तीन वर्षांत कुठे निघतील, ते कुठे बघू?" तिकडे तिला जाहिरातीतच पगार, शेवटची तारीख, मुलाखतीचा आठवडा आणि कोणाला विचारायचं त्याचा संपर्क मिळतो. मी तिला चार जणांचे नंबर दिले. एवढंच माझ्या हातात होतं, आणि देताना मला लाज वाटली. तीच जुनी वाट मी तिला दाखवत होते.

आमच्या विभागात आता आम्ही दोघंच आहोत. दुसरे सर ३१ मे २०२८ ला निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागेला पूर्ण वर्कलोड आहे, मी स्वतः वेळापत्रक मांडून मोजला. बिंदूबद्दल प्राचार्यांना लेखी विचारलं आहे, उत्तर यायचं आहे. तारीख, तास आणि त्या पत्राची प्रत मी विभागाच्या फलकावर लावली, आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकली, आणि त्या रात्री मैत्रिणीला फोन केला. २०१९ चं सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "थांब, पेन घेते," आणि तारीख पुन्हा एकदा सांगायला लावली.